तसबिरीची तार

(नभोवाणीवरील भाषण)



आजचा विषय ऐकून आपणांपैकीं कांहींना हसूं येईल. भिंतीवर तसबीर टांगणें ही काय भाषण देण्याजोगी विद्या आहे, असें मलाही एके काळीं वाटत असे. माझा हा समज श्रावणांतल्या एका रात्रीं मोडला. आमच्या घरीं आईचें एकच छायाचित्र आहे. त्याची चौकट मीं स्वतः टांगली होती, आणि तिची तार सतारीच्या तारेसारखी ताणून बसविल्याचा मला मोठा अभिमान होता. मध्यरात्रीं ती चौकट खालीं आली. तिच्याखालीं रोज नातवाचें अंथरूण असे. त्या रात्रीं तो हट्टानें आजीपाशीं निजला होता, एवढेंच आमचें दैव. दिवा लावून पाहिलें, तों भिंतींतला खिळा जागच्या जागीं होता, तारही अखंड होती. लांकडांत बसविलेली तारेची कडी मात्र आट्यांसकट उपटून आली होती. कांचेच्या तुकड्यानें छायाचित्रावर पाडलेला ओरखडा अजून दिसतो.

खिळा हलला नाहीं, तार तुटली नाहीं, मग तसबीर पडली कशी? याचें उत्तर मी शाळेंत मुलांना वर्षानुवर्षें शिकवीत होतों. फक्त तें घरीं आणलें नव्हतें.

दोन मुलांनीं एक दोरी दोन टोकांना धरावी आणि मध्यें पाण्यानें भरलेली बादली अडकवावी. मुलें जवळ जवळ उभीं असलीं, तर बादली सहज उचलते. तींच एकमेकांपासून दूर सरूं लागलीं आणि दोरी सरळ करूं लागलीं, कीं हात भरून येतात. आणि दोरी अगदीं सरळ करणें तर कोणत्याही पैलवानाला साधत नाहीं. बादलीचें वजन वाढलेलें नसतें, ओढ मात्र वाढलेली असते. ताठ बांधलेल्या वलनीवर ओलीं लुगडीं टाकलीं कीं भिंतींतला आंकडा निघून येतो, तोही याच कारणानें.

आतां हाच हिशेब तसबिरीला लावूं. पन्नास सेंटिमीटर रुंद व पासष्ट सेंटिमीटर उंच अशी चौकट घ्या. तिची दोन मिलिमीटर जाडीची कांचच सुमारें १ किलो ६०० ग्रॅम भरते; लांकूड व पाठीमागची फळी धरून सारें वजन तीन किलो समजूं. दोन कड्यांमधील अंतर ४५ सेंटिमीटर आहे. खिळ्यावर अडकवल्यावर तारेचा मध्य कड्यांच्या रेषेपासून १३ सेंटिमीटर वर येत असेल, तर तारेच्या प्रत्येक बाजूवर तीन किलोंची ओढ पडते. तो ८ सेंटिमीटरच वर येत असेल, तर साडेचार किलोंची. आणि माझ्यासारख्यानें तार ताणून तो २ सेंटिमीटरांवर आणला, तर ओढ सतरा किलोंच्या घरांत जाते! शिवाय ही ओढ कडीला आडवी, आंतल्या बाजूला खेंचते; तीन किलोंच्या तसबिरीचे आटे लांकडांतून कां उपटले, हें यावरून उघड होईल. तात्पर्य, तार ताठ असणें ही मजबुतीची खूण नव्हे. तिला ढील हवी.

ढील किती, हें कड्या कोठें बसवाव्या यावर अवलंबून आहे, आणि येथें जुनी व नवी रीत यांत भेद पडतो. राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईंत छापखाना काढला व पुढें तो लोणावळ्याजवळ मळवलीस नेला. तेथील लक्ष्मी-सरस्वतीचीं रंगीत चित्रें घरोघर पोंचलीं. आमच्या नाशकांतील जुन्या वाड्यांत अशीं चित्रें दारावर, तुळईच्या खालीं उंच लावीत. खालची कड दोन खिळ्यांवर टेकवीत आणि वरची बाजू पुढें झुकती ठेवीत. माणसें जमिनीवर बैठकीवर बसत. त्यांना मान वर करून चित्र नीट दिसावें, हा त्यांतला हेतु. मागच्या पोकळींत चिमण्या घरटीं करीत, ही गोष्ट वेगळी! आतां आपण खुर्चीवर बसतों आणि चित्र डोळ्यांच्या उंचीवर लावतों. म्हणून तें भिंतीला समांतर राहिलेलें बरें. कड्या जितक्या खालीं, तितकी चौकट पुढें झुकते. यासाठीं वरच्या कडेपासून उंचीच्या एक तृतीयांशावर कड्या बसवाव्या. आपल्या उदाहरणांत हें अंतर सुमारें २२ सेंटिमीटर येतें; त्यांत १३ सेंटिमीटर तार वर गेली, तरी खिळा चौकटीमागें लपून राहतो.

आतां प्रत्यक्ष काम. दोन्ही बाजूंना माप घेऊन पेन्सिलीनें खूण करावी. डोळ्यांच्या अंदाजावर विसंबूं नये. कडी लांकडांत हातानें दाबून फिरवूं नये, लांकूड चिरतें. आधीं गिरमिटानें आट्यांपेक्षां बारीक भोंक पाडावें, आट्यांना किंचित् साबण लावावा, आणि मग कडी फिरवीत पूर्ण बसवावी. भोंक चौकटीच्या जाडीच्या दोन तृतीयांशांहून खोल जाऊं देऊं नये. नाहीं तर टोक पुढून बाहेर यावयाचें.

तार कोणती घ्यावी? सुतळी उंदीर कुरतडतात व पावसाळ्यांत ती कुजते. बांधकामाची काळी लोखंडी तार गंजते, आणि वारंवार वांकवली कीं तुटते. विजेची तांब्याची तार मऊ असल्यामुळें वजनानें लांबते. अनेक बारीक तारांना पीळ देऊन केलेली, जस्ताचा मुलामा असलेली तार सर्वांत बरी. ती तुटावयाची झाली, तरी एकेक धागा सुटून आधीं इशारा देते.

तारेची लांबी कड्यांमधील अंतराहून निदान चाळीस सेंटिमीटर अधिक घ्यावी. टोक कडींतून ओंवून सुमारें बारा सेंटिमीटर बाहेर काढावें. मग तें कडीभोंवतीं वळवून पुन्हां त्याच कडींतून घालावें, आणि जो फेरा तयार होतो त्याच्या पोटांतून बाहेर आणावें. या गांठीची खुबी अशी, कीं वजन पडलें म्हणजे ती सुटत नाहीं, उलट अधिक आवळते. उरलेलें टोक मुख्य तारेभोंवतीं सहासात फेरे, एकाला एक लागून, गुंडाळावें. फेरे विरळ पडले, तर काम ओबडधोबड दिसतें व टोक हाताला बोंचतें. शेवटचा फेरा पकडीनें दाबून जास्तीचें टोक कापावें. दुसरी बाजू बांधण्यापूर्वीं तारेचा मध्य बोटानें उचलून पाहावा, आणि हव्या तेवढ्या ढिलीवरच गांठ मारावी.

चौकट मोठी असेल, तर भिंतींत एकाऐवजीं दोन खिळे वीसएक सेंटिमीटर अंतरावर ठोकावे. तारेच्या बाजू अधिक उभ्या होऊन ओढ कमी होते, आणि तसबीर येतांजातां धक्का लागून तिरपी होत नाहीं. जुन्या मातीच्या भिंतींत खिळ्याचा भरंवसा धरूं नये. तुळई किंवा खांब शोधावा. आणि कोठेंही टांगा, पण अंथरुणावर व पाळण्यावर कांचेची चौकट टांगूं नका.

दिवाळीच्या साफसफाईंत आपण तसबिरींवरची धूळ पुसतों. त्याच वेळीं प्रत्येक तसबीर एकदां उतरवून उलटी करावी, कडी हलते काय व तारेचा धागा सुटला आहे काय हें पाहावें. आईच्या छायाचित्राची नवी तार मीं आतां ढिली बांधली आहे. दरवर्षीं ती तपासण्याचें काम नातवाकडे आहे.