बिल्ला नसलेला तपासनीस

हैदराबादच्या कुकटपल्लीत भ्रमरांबा आणि मल्लिकार्जुन या नावांची दोन एकपडदा चित्रपटगृहे आहेत. श्रीशैलच्या देवदांपत्याच्या नावाने चालणाऱ्या या पडद्यांचा लौकिक मात्र निराळा: तेलुगू महानायकाचा चित्रपट लागला की बाहेर फलकांना हार चढतात आणि आत पहिल्याच दृश्याला शिट्ट्यांचा पाऊस पडतो. एका ठोशात दहा जणांना लोळवणाऱ्या नायकांवर जीव टाकणाऱ्या याच तेलुगू प्रेक्षकांसमोर २१ जून २०१९ रोजी ‘एजंट साई श्रीनिवास आत्रेय’ आला. दिग्दर्शक स्वरूप आरएसजे यांचा हा पहिला चित्रपट. नवीन पोलिशेट्टी हा नायक म्हणून जवळजवळ अपरिचित. तरीही तो चालला. पुढे २०२२ मध्ये ‘एजंट कन्नायिरम’ या नावाने त्याचा तमिळ अवतारही निघाला.

यातला आत्रेय नेल्लूरमध्ये खासगी तपासाचे कार्यालय थाटतो. त्याने हेरगिरी शिकली आहे ती चित्रपट पाहून. किरकोळ कामांवर गुजराण करणाऱ्या या तरुणापुढे रेल्वेमार्गालगत सापडणाऱ्या बेवारस मृतदेहांचे कोडे येते. ज्यांच्या मरणाची चौकशी करायला कुणी येत नाही, त्यांच्याविषयी तो प्रश्न विचारू लागतो. रहस्य येथे सांगणे अन्यायाचे ठरेल. पण चित्रपटाचे बळ रहस्यापेक्षा या प्रश्नात अधिक आहे.

मराठीत ‘गुप्तहेर’ हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या माणसांना लावला जातो. एक राज्याचा हेर. त्याच्या मागे सरकार असते आणि पुढे शत्रुराष्ट्र. दुसरा अशिलाचा तपासनीस. त्याच्या मागे कुणीच नसते. तेलुगूत पहिल्याला ‘गूढचारी’ म्हणतात, दुसऱ्यासाठी ‘डिटेक्टिव्ह’ हाच शब्द रूढ आहे. हा भेद नुसता कोशातला नाही. शरदिंदू बंद्योपाध्याय यांच्या ब्योमकेशला तर डिटेक्टिव्ह हे बिरुदही नको असते, तो स्वतःला ‘सत्यान्वेषी’ म्हणवतो. १९९३ मध्ये बासू चटर्जी यांनी दूरदर्शनवर आणलेला रजित कपूर यांचा धोतरातला ब्योमकेश मराठी घरांतही आपला झाला.

मराठी वाचकाला हे वेड पडद्याआधी पुस्तकांनी लावले. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळा पहाड वाचनालयांतून हातोहात फिरत. तेलुगूत हेच काम कोम्मुरी सांबशिवराव यांच्या डिटेक्टिव्ह युगंधरने केले. १९८६ मध्ये दिग्दर्शक जंध्याल यांनी ‘चंटब्बाई’त या परंपरेची थट्टा केली आणि चिरंजीवींना धांदरट गुप्तहेर बनवले. पात्राचे नाव पांडुरंग! मल्लादी वेंकट कृष्णमूर्ती यांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट तेलुगू घरांत आजही आवडीने पाहिला जातो. ज्याची थट्टा सर्वांना कळते, तो प्रकार लोकांत मुरलेला असतो, एवढे त्यातून दिसते.

पाश्चात्त्य पडद्यावर या माणसाला घडवण्याचे बरेचसे श्रेय डॅशिएल हॅमेट या लेखकाकडे जाते. तो स्वतः पिंकर्टन या अमेरिकी तपाससंस्थेत नोकरीस होता. त्याच्या ‘द माल्टीज फाल्कन’वर दहा वर्षांत तीन चित्रपट निघाले, लोकांच्या लक्षात राहिला तो १९४१ मधला, हम्फ्री बोगार्टचा. १९४६ च्या ‘द बिग स्लीप’विषयी एक किस्सा प्रसिद्ध आहे. कथेतल्या मोटारचालकाचा खून नेमका कुणी केला, हे चित्रीकरणाच्या वेळी मूळ कादंबरीकार रेमंड चँडलर यांनाही सांगता आले नाही. चित्रपटाचे त्यावाचून काही अडले नाही. खुनी कोण, हे कळले की कोडे संपायला हवे; पण असे चित्रपट लोक पुन्हा पुन्हा पाहतात. कारण त्यांना उत्तराइतकाच सोबती हवा असतो: कुणाच्याही दारात जाऊन अवघड प्रश्न विचारणारा, मार खाणारा, तरी विकला न जाणारा. पोलीस स्थानकात ज्याची तक्रार पुढे सरकत नाही, त्याला असा माणूस पडद्यावर तरी भेटतो.

प्रत्यक्षातला व्यवसाय या चित्रापासून फार दूर आहे. भारतात खासगी तपासनीसाला अटकेचे वा झडतीचे कोणतेही विशेष अधिकार नाहीत. सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या संस्थांसाठी २००५ चा कायदा आहे. तपाससंस्थांसाठी २००७ मध्ये राज्यसभेत विधेयक मांडले गेले, पण त्याचा कायदा कधीच झाला नाही. परिणामी या धंद्यात उतरायला परवान्याची अट नाही, आणि प्रामाणिक तपासनीसाला स्वतःची पत सिद्ध करायला सरकारी दाखलाही नाही. कामे बहुतेक विवाहपूर्व चौकशीची, जोडीदारावरील संशयाची किंवा नोकरभरतीतल्या पडताळणीची. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी मोबाइल संभाषणांच्या नोंदी बेकायदा मिळवल्याच्या प्रकरणात खासगी गुप्तहेरांना अटक केली, तेव्हा या कामाची दुसरी बाजू उघड झाली. त्याच्या आदल्याच वर्षी, ऑगस्ट २०१७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे स्पष्ट केले होते. पडद्यावर जी पाळत आपल्याला थरारक वाटते, तिचे लक्ष्य खऱ्या आयुष्यात बहुधा खुनी नसतो. स्थळ सांगून आलेली एखादी मुलगी असते, आणि आपल्याविषयी कुणी विचारून गेले हे तिला कळतही नाही.

कुकटपल्लीसारख्या उपनगरात अशा चौकशीला आयतेच क्षेत्र मिळते. गृहनिर्माण मंडळाच्या वसाहतीभोवती वाढलेल्या या भागात नोकरीच्या शोधात आलेली मुले-मुली वसतिगृहांत दाटीने राहतात. हायटेक सिटी जवळ, मेट्रो दाराशी. शेजारच्या खोलीत कोण राहतो, हे पुष्कळदा ठाऊक नसते. गावात जी माहिती पारावर वा विहिरीवर फुकट मिळे, ती येथे पैसे मोजून मिळवावी लागते. आत्रेयचे नेल्लूर त्या मानाने लहान, माणसे एकमेकांना ओळखणारी. आणि तरीही तिथले मृतदेह बेवारसच राहतात.