ऐतिहासिक पोशाख शिवणाऱ्यास भेट काय द्यावी?

दरबारी परंपरेत वस्त्र ही मुख्यतः देण्याची वस्तू होती. पेशव्यांना साताऱ्याच्या छत्रपतींकडून पेशवाईची वस्त्रे मिळत, सरदारांना कामगिरीबद्दल पोशाख आणि सरपाव मिळत, परराज्याच्या वकिलांची बोळवणही वस्त्रे देऊनच होई, आणि ही सारी देवघेव कारकून आपल्या जमाखर्चात दाखल करीत. परंतु ज्या शिंप्याने तो जामा बेतला आणि ज्या पगडबंदाने ती पगडी बांधली, त्यांच्या पदरी पडे ती केवळ मजुरी. मान अंगावर घालणाऱ्याचा, श्रम शिवणाऱ्याचे, अशी ही वाटणी फार जुनी आहे.

ती आजही फारशी पालटलेली नाही. शिवजयंतीच्या मिरवणुकीतील मावळ्यांचे अंगरखे, राज्याभिषेकदिनी रायगडावर दिसणारे जामे, शाळेच्या स्नेहसंमेलनातील आनंदीबाईचे लुगडे, नाटकमंडळ्यांना भाड्याने पोशाख पुरविणाऱ्या ड्रेपरीवाल्याच्या पेटाऱ्यातील अंगरखे, हे सारे कोणी तरी रात्री जागून शिवलेले असते, आणि टाळ्या मात्र ते घालून उभ्या राहिलेल्याला मिळतात. कोल्हापुरात जन्मलेल्या भानू अथैया यांना ‘गांधी’ या चित्रपटाच्या वेशभूषेबद्दल १९८३ साली जॉन मोलो यांच्यासमवेत ऑस्कर पारितोषिक मिळाले आणि ते मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. तथापि असा लौकिक विरळा. अलीकडे तर व्यवसाय म्हणून नव्हे, निव्वळ छंद म्हणून, एखाद्या काळाचा पोशाख त्या काळच्या रीतीने शिवून पाहणारी मंडळी ठिकठिकाणी आढळतात. अशी व्यक्ती आपल्या घरात किंवा मित्रपरिवारात असली, म्हणजे तिच्या वाढदिवसाला अथवा पाडव्याला काय द्यावे हा पेच पडतो. आणि बहुधा तो तयार फेटा, खोट्या मोत्यांची कंठी किंवा चकचकीत लेस देऊन सोडविला जातो. घेणारा हसून आभार मानतो आणि ती वस्तू कपाटात ठेवून देतो. कारण या भेटी पाहणाऱ्याच्या डोळ्यांनी निवडलेल्या असतात. शिवणाऱ्याला हवी असते ती अस्तराच्या बाजूने उपयोगी पडणारी वस्तू.

हे नीट कळण्यासाठी त्याच्या कामाचे स्वरूप थोडे समजून घ्यावे लागते. रंगभूमीवरचा पोशाख वीस हातांवरून शोभला की पुरे होतो, आणि तो आज एका नटाच्या तर उद्या दुसऱ्याच्या अंगाला बसावा एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. काळाशी इमान राखून शिवणाऱ्याचा पहिला प्रश्न मात्र ‘कोणाचा आणि केव्हाचा’ हा असतो. १६७४ सालचा रायगड आणि सवाई माधवरावांच्या कारकीर्दीतील पुणे यांच्यामध्ये शंभर वर्षांचे अंतर आहे, आणि तेवढ्या अवधीत कपड्यांचे घाट स्थिर राहत नाहीत. उत्तर मोगल काळात जाम्याची कंबर छातीकडे चढत गेली आणि त्याचा घेर घोट्यांपर्यंत पायघोळ झाला. बंद कोणत्या काखेखाली बांधायचे हेही स्वैर नव्हते: मोगल दरबाराच्या चित्रांत सामान्यतः हिंदूंच्या जाम्याचे बंद डाव्या बाजूस आणि मुसलमानांच्या जाम्याचे उजव्या बाजूस दिसतात. शिवाय आयझॅक सिंगर यांनी आपल्या शिवणयंत्राचे पेटंट घेतले ते १८५१ साली. अर्थात १८१८ साली पेशवाई बुडाली तोवर हिंदुस्थानात अंगावर आलेला प्रत्येक टाका हाताचा होता. ज्याने हे मनावर घेतले आहे, तो बाहेरून दिसणारी शिवण तरी हातानेच घालतो, आणि एकेका जाम्यास त्याचे महिने जातात.

म्हणून भेटीचा पहिला वर्ग हत्यारांचा. हाताच्या सुया ही क्षुल्लक वाटणारी, परंतु मनापासून स्वीकारली जाणारी भेट आहे. त्यांचा क्रमांक जसजसा वाढतो तसतशी सुई बारीक होते हे ध्यानात ठेवून जाड, मध्यम व बारीक अशा निरनिराळ्या क्रमांकांच्या चांगल्या पोलादी सुयांचा संच द्यावा, कारण मलमलीस लागणारी सुई गादीदार अंगरख्यात वाकते आणि त्या अंगरख्याची सुई मलमलीस भोके पाडते. अंगुस्तान पितळेचे असावे आणि बोटाच्या मापाचे असावे. शिंपी लोक सुई बोटाच्या शेंड्याने न ढकलता बाजूने ढकलतात, त्यामुळे त्यांचे अंगुस्तान वरून उघडे असते, हा भेद दुकानदारास अवश्य सांगावा. त्यासोबत मधमाश्यांच्या शुद्ध मेणाची वडी द्यावी. सुती दोरा तिच्यावरून ओढला म्हणजे त्याला पीळ पडून गाठी होत नाहीत आणि शिवण अधिक टिकते. दोरा सुती किंवा रेशमी असावा. बाजारात सर्वत्र मिळणारे पॉलिएस्टरचे रीळ या कामी निरुपयोगी, कारण तो धागा विसाव्या शतकातला आहे आणि जुन्या पद्धतीच्या मऊ कापडापेक्षा चिवट असल्यामुळे ताण पडताच दोऱ्याऐवजी कापडच फाटते.

कात्रीविषयी आपल्याकडे समजुती पुष्कळ आहेत, आणि ती उगाच वाजविल्याने घरात भांडणे होतात हे तर प्रत्येकाने लहानपणी ऐकलेले असते; तरीही उत्तम कात्री ही या माणसाला देता येण्याजोगी बहुधा सर्वांत टिकाऊ भेट होय. मेरठची कात्री पिढ्यान्‌पिढ्या नावाजलेली आहे, तिला २०१३ साली भौगोलिक मानांकनही मिळाले, आणि पाती बोथट झाली की पुन्हा धार लावून ती वर्षानुवर्षे वापरता येते. घेणारा डावखुरा असल्यास डाव्या हाताची कात्री शोधावी, आणि दोन कात्र्या परवडत असतील तर दुसरी खाकी कागद कापण्यासाठी द्यावी. कापडाच्या कात्रीने घरातील कोणी कागद कापला तर होणारे भांडण मात्र समजुतीतले नसते.

दुसरा वर्ग कापडाचा, आणि येथे देणाऱ्याची चूक सर्वाधिक होते. दुकानात एखादा किनखाब डोळ्यांत भरतो, दोन मीटर घेतला जातो, आणि घेणाऱ्यापुढे प्रश्न उभा राहतो की याचे करायचे काय. घेरदार जाम्याला, घेर आणि कापडाचा पन्हा पाहून, आठदहा मीटर कापड सहज लागते. दोन मीटरांत चोळ्या किंवा टोपी होईल, जामा होणार नाही. तेव्हा कापड द्यायचे तर पन्हा विचारून आणि पुरेसे द्यावे, नाही तर साधे द्यावे. साधे म्हणजे मांजरपाट. कुठलाही मौल्यवान पोशाख बेतण्यापूर्वी तो आधी मांजरपाटाचा शिवून अंगावर घालून पाहावा लागतो, कळ्या कमीअधिक कराव्या लागतात, काखेतील चौकोनी तुकडा पुन्हा पुन्हा बदलावा लागतो. या कच्च्या कामात मांजरपाट किती जातो याची बाहेरच्यास कल्पना नसते. रंगीत वेष्टनात गुंडाळलेला मांजरपाटाचा अख्खा तागा पाहून इतर पाहुणे चकित होतील, पण ज्याच्यासाठी तो आणला त्याला त्याची किंमत तत्काळ उमजेल.

मौल्यवान कापडच द्यायचे असेल, तर हातमागाचे द्यावे. एका अंगाने रेशीम आणि त्वचेला लागणाऱ्या अंगाने सूत अशी रचना असलेला मशरू गुजरातेत पाटण व मांडवी येथे अद्याप विणला जातो. सूत व रेशीम यांच्या संयोगाचा हिमरू हे औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे, जुने वैभव. चोळीसाठी बागलकोट जिल्ह्यातील गुळेदगुड्डचा खण. आणि अहिल्याबाई होळकरांच्या आश्रयाने वाढलेल्या महेश्वरच्या मागांवरचे हलके सूत-रेशीम उपरण्यांस व शेल्यांस शोभणारे. रंगाविषयीही विवेक असावा. विल्यम पर्किन यांना १८५६ साली कोळशाच्या डांबरापासून पहिला कृत्रिम जांभळा रंग गवसला. त्यापूर्वी लाल मंजिष्ठेचा किंवा आलाचा, निळा निळीचा आणि पागोट्यांचा मोहक गुलाबी कुसुंब्याचा असे, त्यामुळे झगमगीत जांभळी साटीन पेशवाईच्या पोशाखात तत्काळ परकी वाटते. दुकानदार ‘शुद्ध रेशीम’ म्हणेल तेव्हा कडेचा एक धागा मागून घेऊन घरी जपून जाळून पाहावा: सुताची भुरभुरीत राख होते, रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो, आणि पॉलिएस्टर वितळून त्याचा कठीण मणी बनतो.

घरातील जुन्या वस्त्रांविषयी एक इशारा द्यावासा वाटतो. आजीचा विरलेला शालू किंवा पणजोबांची बाराबंदी ‘तुला कापून काही करता येईल’ म्हणून देणे ही उदारता दिसली तरी त्यात हानी आहे. जुना कपडा हा दस्तऐवज असतो, आणि कातरला म्हणजे त्यातील पुरावा नाहीसा होतो. उलट तीच बाराबंदी दोन दिवस उसनी देऊन तिचे माप घेऊ देणे, आतली शिवण उलटून पाहू देणे, मगजी कशी लावली आहे याचे चित्र काढू देणे, ही भेट बिनखर्चाची असूनही दुकानातल्या कोणत्याही वस्तूहून दुर्मीळ आहे. चित्रकार जाम्याचा बाह्य घाट दाखवितो. नेफा कसा दुमडला आणि कळी कोठे जोडली, हे केवळ खुद्द वस्त्रच सांगते.

याच कारणास्तव ग्रंथांची निवडही चित्रांच्या झगमगाटावर करू नये. डॉ. गो. स. घुर्ये यांचा भारतीय वेशभूषेवरील इंग्रजी ग्रंथ १९५१ साली प्रसिद्ध झाला, आणि प्रांतोप्रांतीच्या पोशाखांचा साक्षेपी परामर्श म्हणून तो अद्याप वाचनीय आहे. ब्रजेंद्रनाथ गोस्वामी यांनी अहमदाबादच्या कॅलिको वस्त्रसंग्रहालयातील पोशाखांवर १९९३ साली सिद्ध केलेला ग्रंथ त्याहून महाग, परंतु प्रत्यक्ष कपड्यांचा अभ्यास असल्यामुळे शिवणाऱ्याच्या अधिक कामाचा. युरोपीय पोशाखाची आवड असणाऱ्यास इंग्लंडच्या जॅनेट आर्नोल्ड यांचे खंड द्यावेत. संग्रहालयांतील मूळ कपडे हाती घेऊन, त्यांच्या प्रत्येक भागाचे प्रमाणबद्ध आराखडे काढण्याची जी शिस्त त्यांनी १९६४ पासून घालून दिली, तिच्यावर या विषयातील पुष्कळ काम आजही उभे आहे.

ग्रंथांहून मोठी भेट प्रवासाची. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय, मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, आणि साराभाई कुटुंबाने १९४९ साली स्थापिलेले अहमदाबादचे कॅलिको संग्रहालय, यांपैकी एखाद्या ठिकाणी नेऊन आणावे. कॅलिकोचे दर्शन आधी नोंदणी केल्याविना घडत नाही, तेव्हा ती यातायात देणाऱ्यानेच उरकावी. अशा स्थळी घाई करू नये. सोबतचा माणूस एकाच काचेपुढे तासभर उभा राहून टाके मोजू लागला, तर त्याला चहाची आठवण करून देऊ नये.

शेवटी श्रमाची भेट. घेराच्या कडेची तुरपाई करायची म्हणजे कित्येक हात लांबीचा एकसुरी टाका. ज्याला सुई धरता येते त्याने एक रविवार ते काम अंगावर घ्यावे. ज्याला येत नाही, त्याने माप पाहण्यासाठी अंगात टाचण्या टोचलेला कच्चा जामा घालून तक्रार न करता उभे राहावे, दोरे ओवून द्यावेत, इस्त्री करावी. आणि ज्याला यांतले काहीच शक्य नाही, त्याने निदान ‘माझ्याही मुलाला स्नेहसंमेलनासाठी एक शिवून दे ना, तुला काय, हातखंडा आहे’ हे वाक्य गिळून टाकावे; किंवा उच्चारायचेच असेल, तर कापडाचे पैसे, वाजवी मजुरी आणि दोन महिन्यांची मुदत पुढे करून उच्चारावे. पूर्वीच्या शिंप्याला मान मिळाला नाही तरी मजुरी मिळत असे. आज आप्तांसाठी शिवणाऱ्या छांदिष्टास कित्येकदा तीही मिळत नाही, आणि ती चुकती करणे हीच पुष्कळांच्या बाबतीत सर्वांत आधी द्यावयाची भेट आहे.