जुन्या मोटारीची थंडाव्याची व्यवस्था

आपल्या सभासद बंधूंपैकीं पुष्कळांच्या दारांत आज दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाकडून घेतलेली, दोन-अडीच लाख किलोमीटर चाललेली मोटार उभी असते. भाजीपाला बाजारांत नेणें, खत-बियाणें आणणें, घरांतील आजाऱ्यास तालुक्याच्या गांवीं पोंचविणें, हीं सारीं कामें तिच्याकडूनच करून घ्यावीं लागतात. अशा गाडीच्या ऑईलकडे मालकाचें लक्ष असतें, टायरकडे असतें. परंतु रेडिएटरचें झाकण कित्येकांनीं गाडी घेतल्यापासून उघडून पाहिलेलें नसतें. सांगावयाचें तें हें कीं, या व्यवस्थेंतील नाशवंत भाग फुटण्याची वाट न पाहतां मुदतीनें बदलावे. कारण ते फुटतात तेव्हां एकटे जात नाहींत, इंजिन घेऊन जातात.

इंजिनांत जें इंधन जळतें त्याच्या उष्णतेपैकीं सुमारें एक तृतीयांश भाग पाण्यावाटे बाहेर टाकावा लागतो. पंप हें पाणी सिलिंडरभोंवतीं व हेडमधून खेळवितो. तापलेलें पाणी रबरी नळीनें रेडिएटरमध्यें जातें, तेथें वाऱ्यानें निवतें व दुसऱ्या नळीनें परत येतें. एवढेंच हें यंत्र.

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या गांवच्या एका बागाईतदाराची गाडी घाटांत बंद पडली. वरच्या नळीच्या तोंडाशीं, क्लिपेखालीं, रबर फाटलें. आरंभीं उष्णतेचा काटा वर गेला व थोड्याच वेळानें आपोआप खालीं आला. गाडी निवली असें समजून त्यांनीं उरलेला चढ पुरा केला. वास्तविक काट्यास खबर देणारा सेन्सर पाण्यांत बुडालेला असतो. पाणीच निघून गेलें म्हणजे तो उघडा पडतो व काटा खोटी साक्ष देतो. अ‍ॅल्युमिनियमचें हेड वांकलें, गॅस्केट जळलें, आणि दुरुस्तीचा खर्च इतका झाला कीं त्यांत तशा नळ्यांच्या कितीतरी जोड्या आल्या असत्या. गाडींतील टोमॅटो उन्हांत गेले ते निराळेच. चढलेला काटा चढावरच अकस्मात् उतरला तर गाडी तत्काळ थांबवावी, हें प्रत्येक चालविणाऱ्यानें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

नळ्या तपासावयाच्या त्या इंजिन थंड असतां. बोटांनीं दाबून पाहावें. रबर लांकडासारखें कठीण झालें असेल, किंवा उलट भिजल्या भाकरीसारखें मऊ लागत असेल, क्लिपेजवळ फुगवटा किंवा बारीक चिरा दिसत असतील, तर ती नळी बदलावी. कित्येकदां नळी आंतून कुजते व बाहेरून चांगली दिसते. म्हणून चार-पांच वर्षें झालीं म्हणजे दिसण्यावर न जातां दोन्ही नळ्या क्लिपांसह बदलणें बरें. वॉटर पंपाच्या खालच्या अंगास एक बारीक भोंक असतें. तेथून थेंब गळूं लागले, किंवा वाळलेला पांढरा-हिरवा ओघळ दिसला, तर पंपाचें सील गेलें असें समजावें. ज्या गाड्यांत पंप टायमिंग बेल्टवर फिरतो, त्यांत बेल्टाबरोबरच पंपही बदलावा. मजुरी एकच लागते.

झाकण हा भाग सर्वांत स्वस्त व सर्वांत दुर्लक्षित. तें केवळ बूच नव्हे. त्यांतील स्प्रिंग पाण्यावर दाब ठेवते. झाकणावर बहुधा ०.९ किंवा १.१ असा अंक असतो. ०.९ च्या दाबाखालीं निव्वळ पाणीसुद्धां सुमारें ११८ अंशांपर्यंत उकळत नाहीं. स्प्रिंग ढिली झाली कीं हा लाभ गेला. आणि महाबळेश्वरासारख्या सुमारें १३५० मीटर उंचीवर तर उघडें पाणी ९५-९६ अंशांसच उकळतें. झाकणाचें रबर चिरलेलें दिसल्यास त्याच अंकाचें नवें घ्यावें. तापलेल्या गाडीचें झाकण मात्र कोणीही, कितीही घाई असली तरी, उघडूं नये. उसळलेल्या पाण्यानें तोंड व हात भाजतात.

आतां थर्मोस्टॅटाविषयीं. गाडी तापते म्हटलें कीं पुष्कळ मिस्त्री पहिला इलाज म्हणून तो काढून टाकतात. आपल्या उष्ण मुलखांत त्याचें काय काम, असा त्यांचा युक्तिवाद. मला तो मुळींच पटत नाहीं. थर्मोस्टॅट नसल्यास इंजिन योग्य उष्णतेस लवकर येत नाहीं, इंधन अधिक लागतें व झीज वाढते. शिवाय कांहीं इंजिनांत तोच रेडिएटर टाळून जाणारी आडवाट बंद करतो. तो काढला म्हणजे पाणी आडवाटेनेंच फिरत राहतें व गाडी अधिकच तापते. त्याची परीक्षा घरींही होते. पातेल्यांतील पाण्यांत दोऱ्यानें टांगावा, तळास टेकूं देऊं नये, व पाणी तापवावें. अंगावर ८२ असा अंक असल्यास त्या सुमारास तोंड उघडूं लागलें पाहिजे. न उघडल्यास नवा घालावा, जागा रिकामी ठेवूं नये.

पाण्याची गोष्ट शेतकऱ्यास निराळी समजावून सांगण्याचें कारण नाहीं. ज्याच्या घरीं तांब्याचा बंब आहे त्यानें आंत धरलेला पांढरा थर पाहिलेलाच आहे. आपल्या काळ्या खडकांतील विहिरीचें व बोअरचें पाणी बहुधा जड. तेंच रेडिएटरमध्यें ओतल्यास तसाच थर त्याच्या बारीक नळ्यांत बसतो. म्हणून डिस्टिल्ड पाणी व कूलंट निम्मेनिम घालावें. कूलंटानें गंज आवरतो व उकळण्याचा अंशही चढतो. परंतु अधिक कूलंट म्हणजे अधिक थंडावा असें मात्र नाहीं. निव्वळ कूलंट पाण्यापेक्षां कमी उष्णता वाहून नेतें. निरनिराळ्या जातींचें मिसळूं नये, आणि रंगावरून जात ओळखूं नये. डब्यावरचें व गाडीच्या पुस्तकांतलें वाचावें. बदलण्याची मुदतही तेथेंच असते. नवें भरतांना सावकाश ओतावें व आंतील हवा निघून जाऊं द्यावी.

रेडिएटरच्या जाळींत आपल्याकडे कापसाचे तंतू, कुसळें, पाचटाचा भुगा व चिखल बसतो. इंजिनाच्या बाजूनें बाहेरच्या दिशेस हलक्या धारेनें धुवावें. जोराच्या फवाऱ्यानें पात्या वांकतात. विजेचा पंखा असल्यास गाडी उभी ठेवून काटा मध्यावर आल्यानंतर तो आपणहून फिरतो कीं नाहीं हें पाहावें. घाटांत काटा चढूं लागल्यास एसी बंद करून हीटर पूर्ण उघडावा. त्रास होतो खरा, पण इंजिनाची कांहीं उष्णता त्यावाटे निघते. तेवढ्यानें न भागल्यास गाडी थांबवावी, व तापल्या इंजिनावर थंड पाणी ओतूं नये.

माझीं वर्षें नोंदवह्या लिहिण्यांत गेलीं म्हणूनही असेल, पण गाडींत एक लहान वही असावी असें मला वाटतें. नळ्या, झाकण, बेल्ट, थर्मोस्टॅट, कूलंट यांपैकीं काय, कोणत्या तारखेस, किती किलोमीटरांवर बदललें, इतकें लिहिलें म्हणजे पुरे. जुनी गाडी घेतांना मागील नोंद मिळत नसल्यास हे सारे भाग एकदमच बदलून तेथून वही सुरू करावी.

काढलेलें जुनें कूलंट गोठ्याच्या गटारांत किंवा आंगणांत सोडूं नये. त्यांतील एथिलीन ग्लायकॉल चवीस गोड व अत्यंत विषारी असतें. कुत्रीं, वासरें तें चाटतात व दगावतात. तें झाकणाच्या डब्यांत भरून, मुलांच्या हातीं लागणार नाहीं असें ठेवून, पुढील फेरीस गॅरेजांत नेऊन द्यावें.