धडा पाठ आहे, पण वाचता येतो का?

शेजारच्या काकू आल्या की पहिलीतल्या बंड्याला हाक मारायची, ‘काकूंना धडा वाचून दाखव रे’ म्हणायचे, आणि त्याने पुस्तक हातात धरून सगळा धडा घडाघडा म्हणायचा. काकू कौतुक करतात, आईलाही बरे वाटते. एकदा सहज धड्याच्या मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून विचारा, ‘हे काय लिहिलंय?’ पुष्कळदा बंड्या पहिल्या ओळीपासून पुटपुटत त्या शब्दापर्यंत येतो. कधी कधी तर पान उलटायचे राहून जाते, तरी त्याचा धडा आपला पुढे चालूच!

याचा अर्थ, धडा त्याला पाठ आहे, वाचता येत नाही. यात मुलाची लबाडी नसते. बाईंच्या मागून म्हणायचे, चित्र पाहून ओळखायचे, लक्षात ठेवायचे, ही त्याची हुशारीच आहे. पण ती पहिली-दुसरीपुरती पुरते. तिसरीत धडे लांबतात, गणितात शाब्दिक उदाहरणे येतात आणि बंड्या अडतो. मग ‘गणित कच्चे’ असा शेरा येतो, शिकवणी लागते, घरात बोलणी बसतात. दुखणे असते वाचनाचे आणि औषध चालते गणिताचे.

आपल्याच घरी असे आहे असे मात्र समजू नका. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून ‘असर’ नावाची पाहणी होत आली आहे. तिच्यात खेड्यांतल्या घरी जाऊन मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला देतात. २०१८ साली देशभरातल्या पाचवीच्या मुलांपैकी जेमतेम निम्म्यांना तो वाचता आला. ‘ती खेड्यातली मुलं’ म्हणून आपण सुटू नये. शहरात हीच गोष्ट पाठांतराखाली झाकून जाते, एवढेच.

मराठीचे एक बरे आहे. अक्षर ओळखले की बहुतेक उच्चार हाती येतो, इंग्रजीसारखी स्पेलिंगे घोकावी लागत नाहीत. मग अडते कुठे? आपण अ, आ, इ, ई पासून ज्ञ पर्यंतचा तक्ता भिंतीवर लावतो आणि मूल तो गाण्यासारखा म्हणते. तक्ता संपेपर्यंत वाचण्याजोगे त्याच्या हाती काहीच लागत नाही. त्यापेक्षा क, म, न, ब, ल ही पाचच अक्षरे घ्या आणि जोडीला काना द्या. लगेच काका, मामा, बाबा, नाक, कान, लाल असे शब्द त्याला स्वतःला लावता येतात. ‘मी वाचलं!’ हा आनंद पहिल्याच आठवड्यात मिळतो. फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी १९८४ साली प्रगत शिक्षण संस्था सुरू केली. तिथे अक्षरांचे असे लहान गट आणि काना-मात्रा सुरुवातीपासूनच देण्यावर भर राहिला आहे.

साधने विकत आणायची गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालवाड्या चालवल्या, त्या परिसरात मिळणाऱ्या साध्या वस्तू घेऊनच. आपल्याकडे तर अख्खे स्वयंपाकघर आहे. रवा, डाळ, साखर, मीठ अशा ठळक अक्षरांतल्या चिठ्ठ्या डब्यांवर चिकटवा. आठवड्याने दोन चिठ्ठ्यांची गुपचूप अदलाबदल करा. मुलाने ‘आई, हे चुकलंय’ म्हटले तर समजा, तो डबा नव्हे, अक्षरे पाहतो आहे. (चहा करण्यापूर्वी चिठ्ठ्या परत जागच्या जागी लावा म्हणजे झाले!) वाण्याची यादीही त्यालाच वाचायला द्या. ती रोज नवी असते, त्यामुळे पाठ होत नाही.

काही खाचखळगे आपल्या लिपीतच आहेत, ते आईला ठाऊक असलेले बरे. ‘कि’मधली वेलांटी आधी दिसते आणि उच्चार नंतर होतो. ‘सूर्य’मधला रफार ‘य’च्या डोक्यावर बसतो, पण म्हणायचा त्याच्या आधी. ‘ख’चे ‘रव’ होते. भ आणि म, घ आणि ध यांची गल्लत होते, म्हणून या जोड्या एका दिवशी शिकवू नयेत. एक पक्के झाले की मग दुसरे. ‘चहा’तला आणि ‘चमचा’तला च लिहायला एकच, उच्चाराला मात्र दोन! मोबाइलवर बऱ्याचदा हिंदी वळणाचा ल दिसतो आणि पुस्तकात आपला पाकळीचा. मूल त्याला दुसरेच अक्षर समजते. अशा वेळी ‘एवढं साधं येत नाही?’ म्हणण्याआधी आपणच अक्षर नीट पाहावे.

रात्री जेवणे आटोपली की दहा मिनिटे पुरतात. आधी आपण ओळीखाली बोट फिरवत गोष्ट वाचावी, मग दोन ओळी त्याने. तो अडला की लगेच शब्द सांगू नये, मनात पाचपर्यंत मोजावे. तरी अडलाच तर पहिले अक्षर सांगावे. ‘अभ्यास आईचा’ अशी वाटणी असलेल्या घरांत हे काम वडिलांकडे द्यायलाही हरकत नाही. मुलगी इंग्रजी शाळेत जात असली तरी हेच करावे. घरात बोलली जाणारी भाषा वाचायला तिला अवघड जाऊ नये.

शाळेत बाईंना भेटाल तेव्हा ‘कसा आहे अभ्यासात?’ असे मोघम विचारू नका. ‘कुठल्या अक्षरांवर, कुठल्या जोडाक्षरांवर अडतो?’ असे विचारा, म्हणजे उत्तरही नेमके मिळेल.

एवढे करूनही तिसरी संपत आली आणि साधा शब्द लागत नसेल, तर मारझोड नको. आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. बुद्धी चांगली असूनही काही मुलांना वाचन जड जाते, त्याला डिस्लेक्सिया म्हणतात. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अशा मुलांच्या तपासणीसाठी स्वतंत्र विभाग आहे. निदान होऊन प्रमाणपत्र मिळाले, तर दहावीच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. तपासणीला जाताना मुलाच्या वह्या आणि प्रगतिपुस्तक बरोबर असू द्यावे. वह्या अगदी गिचमिड असल्या तरी त्या नव्याने लिहून घेऊ नयेत, आहेत तशाच न्याव्यात.