संगमावरील केअरो : एका अमेरिकन नदीकाठच्या शहराचा उत्कर्ष आणि ऱ्हास

प्रस्तावना

अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या दक्षिण टोकावर, ओहायो आणि मिसिसिपी या दोन महानद्यांच्या संगमावर केअरो हे छोटे ऐतिहासिक शहर वसले आहे. नाव इजिप्तच्या राजधानीचे असले तरी तेथील लोक त्याचा उच्चार ‘केअरो’ असाच करतात. १९२० साली शहराची लोकसंख्या १५,२०३ होती. २०२० च्या जनगणनेत ती अवघी १,७३३ भरली. नद्या त्याच आणि संगमही तोच असताना शहर रिकामे का झाले? पुरामुळे, असे उत्तर सहज सुचते; परंतु ते वस्तुस्थितीला धरून नाही. प्रस्तुत लेखात या ऱ्हासाची कारणे तपासली आहेत.

संगमाचे भाग्य

संगमापाशी ओहायो नदी मिसिसिपीपेक्षाही अधिक पाणी आणते. दोन्ही जलमार्गांवर नजर ठेवता येईल अशा या भूशिरावर मोठे महानगर उभे राहणार, अशी अपेक्षा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेकांना होती. १८३७ मध्ये त्यासाठी स्थापन झालेली कंपनी मात्र लवकरच बुडाली आणि ब्रिटिश गुंतवणूकदारांचा पैसाही तिच्याबरोबर गेला. १८४२ मध्ये येथून गेलेल्या चार्ल्स डिकन्सला दलदल आणि रोगराईच दिसली. ‘मार्टिन चझलविट’ या कादंबरीतील ‘ईडन’ ही फसवी वसाहत याच गावावरून सुचली, असे मानले जाते.

खरी भरभराट आली ती १८५० च्या दशकात इलिनॉय सेंट्रल रेल्वे येथवर पोहोचल्यावर. यादवी युद्धात, सप्टेंबर १८६१ मध्ये, जनरल ग्रँट यांनी येथे मुख्यालय थाटले आणि फेब्रुवारी १८६२ मध्ये येथूनच दक्षिणेकडील किल्ल्यांवर चाल केली. गुलामगिरीतून सुटून आलेल्या कृष्णवर्णीयांची मोठी छावणीही येथे होती. शहराच्या पुढील इतिहासाचे बीज या वस्तीत आहे.

पूर आणि बांध

शहराभोवती बांध आहेत. उत्तरेकडील रस्ता रेल्वेमार्गाखालून जातो, तेथे एक अवाढव्य पोलादी दरवाजा बसवलेला आहे. तो खाली सोडला की शहर बंदिस्त होते. याशिवाय १९२८ च्या कायद्याने समोरच्या मिसुरी राज्यात सुमारे १ लाख ३० हजार एकरांचा पूरवाहक पट्टा राखून ठेवण्यात आला. १९३७ मध्ये तेथील बांध फोडला गेला. ओहायोकाठची अनेक शहरे तेव्हा पाण्याखाली गेली. केअरो कोरडे राहिले. २०११ मध्ये पाणी ६१.७२ फुटांच्या विक्रमी पातळीवर चढले. मिसुरीची हरकत सर्वोच्च न्यायालयाने फेटाळल्यावर २ मे रोजी लष्कराच्या अभियंता विभागाने स्फोटकांनी बांध उडवला. पट्ट्यातील शेते आणि घरे बुडाली, शहर वाचले. त्या वेळी शहरात तीन हजारांहूनही कमी लोक उरले होते.

ऱ्हासाची कारणे

पहिले कारण वाहतुकीचे. पूर्वी रेल्वेचे डबे फेरीबोटीवर चढवून ओहायोपलीकडे नेले जात, त्यामुळे माल आणि प्रवासी दोन्ही येथे थांबत. १८८९ मध्ये रेल्वेपूल झाला आणि थांबण्याची गरज संपली. पुढे रस्त्यांचे पूल आले. १९७८ मध्ये आंतरराज्य महामार्ग क्र. ५७ चा पूल खुला झाल्यावर वाहतूक शहराला वळसा घालून जाऊ लागली. आगबोटींचे युग तर केव्हाच संपले होते.

नदीकाठच्या अनेक गावांनी हा आघात सोसला आणि ती तगली. केअरोला दुसरे कारण अधिक भोवले, ते म्हणजे वर्णभेद. १९०९ मध्ये येथे जमावाने एका कृष्णवर्णीय माणसाची उघड हत्या केली. १९६२ मध्ये जलतरण तलाव सर्वांना खुला करावा म्हणून आंदोलन झाले. तो खुला ठेवण्याऐवजी बंदच करण्यात आला. १९६७ मध्ये रजेवर आलेला एक तरुण कृष्णवर्णीय सैनिक पोलीस कोठडीत मृतावस्थेत आढळला. पोलिसांनी आत्महत्या म्हटले. कृष्णवर्णीय समाजाने ते मानले नाही आणि शहरात दंगल उसळली. १९६९ मध्ये ‘युनायटेड फ्रंट’ने, कृष्णवर्णीयांना नोकरी न देणाऱ्या गोऱ्या दुकानदारांवर बहिष्कार पुकारला. तो काही वर्षे चालला. अनेक दुकानदारांनी धोरण बदलण्यापेक्षा दुकान बंद करणे पसंत केले. व्यापारी पेठेचा मृत्यू असा माणसांच्या हट्टातून ओढवला. त्याचे खापर नदीवर फोडता येत नाही.

गळती पुढेही चालू राहिली. २०१५ मध्ये शहरातील किराणा मालाचे मोठे दुकान बंद पडले; २०१७ मध्ये मोडकळीस आलेल्या दोन सरकारी गृहसंकुलांतील कुटुंबांना स्थलांतर करण्यास सांगण्यात आले. २०२३ मध्ये रहिवाशांनी सहकारी तत्त्वावर एक किराणा दुकान सुरू केले. १८७२ सालची सीमाशुल्क कचेरीची दगडी इमारत संग्रहालय म्हणून जपलेली आहे. संगमावरून मालवाहू बार्जचे तांडे आजही जातात, मात्र त्यांतील बहुतेक केअरोला न थांबता पुढे निघून जातात.