अडकलेलं एक मिनिट

सकाळची लोकल गाठायची आहे, कपडे वाळत घालूनच निघायचं आहे, आणि वॉशिंग मशीनवर १ हा आकडा अडकून बसला आहे. एकच मिनिट उरलंय म्हणते, पण दहा मिनिटं झाली तरी दार उघडत नाही. अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या घरात, चौथ्या म्हणजे शेवटच्या मजल्यावर, हे इतक्यांदा झालं की एका रविवारी मी स्टूल घेऊन मशीनसमोरच बसले आणि अख्खं धुणं पाहिलं. २ तास ३८ मिनिटं दाखवलेलं काम ३ तास २ मिनिटांनी संपलं. बसले तेव्हा चिडलेली होते, उठले ती थक्क होऊन.

आधी ड्रमची चाल पाहा. धुताना तो मिनिटाला साधारण ५० फेरे घेतो. आमच्या ड्रमची त्रिज्या २४ सेंटिमीटर आहे. गणित मांडलं तर ६१ फेऱ्यांच्या पुढे कपडे भिंतीला चिकटूनच फिरतील, खाली पडणारच नाहीत. ५० ला ते वर चढतात, माथ्याजवळ सुटतात आणि खालच्या पाण्यात आपटतात. धोबीघाटावर दगडावर होतं तेच हे आपटणं, फक्त उंची अर्ध्या मीटरहून कमी. इतक्या हलक्या आपटण्याने मळ निघायचा तर ते हजारो वेळा व्हायला हवं.

हर्बर्ट झिनर हा जर्मनीतल्या हेंकेल कंपनीचा रसायनतज्ज्ञ. १९५९ मध्ये त्याने धुण्याचं एक वर्तुळ मांडलं. त्यात चार वाटे: साबण, घासणं, उष्णता आणि वेळ. एक वाटा कमी केला की दुसरा वाढवावा लागतो. हे वाचलं आणि मला आईची बादली आठवली. रात्री पावडरच्या पाण्यात कपडे भिजत पडायचे, सकाळी ती ब्रश मारायची. धुण्याला किती वेळ लागतो असं विचारलं असतं तर ती म्हणाली असती, अर्धा तास. भिजण्याचे आठ तास तिने कधी मोजलेच नाहीत. मशीन ते मोजते आणि आकडा तोंडावर दाखवते, म्हणून तो आपल्याला डाचतो.

त्या भिजण्यात काय चालतं, ते तर फारच सुंदर आहे. पावडरमध्ये एन्झाइम असतात. प्रोटिएज दुधाचे, वरणाचे, रक्ताचे डाग कापतं, अमायलेज भाताची खळ कापतं, लायपेज तेल तोडतं. ऑटो रोम याने १९१३ मध्ये जनावरांच्या स्वादुपिंडातलं एन्झाइम कपडे भिजवण्यासाठी वापरायचं पेटंट घेतलं. पण वाळलेला डाग आधी फुगायला हवा, मग एन्झाइम आत शिरणार. ही वाट चुटकीसरशी संपत नाही. हळदीवर मात्र यांचं काही चालत नाही. साबण लागताच ती लाल होते आणि मग उन्हातच विरते.

उल्हासनगरच्या जीन्सच्या धंद्याला झिनरचं वर्तुळ चांगलं ठाऊक आहे. नवी जीन्स जुनी दिसावी म्हणून स्टोन वॉशमध्ये मोठ्या ड्रममध्ये प्युमिसचे दगड टाकून ती घुसळतात. एन्झाइम वॉशमध्ये सेल्युलेज नावाचं एन्झाइम धाग्याचा वरचा थर अलगद खातं आणि निळा रंग सुटतो. दगडांच्या माराची जागा रसायनाने घेतली.

आता उष्णता. १२ लिटर पाणी २७ अंशांवरून ६० वर न्यायला सुमारे ०.४६ युनिट वीज लागते, ४० वर थांबलं तर ०.१८. ड्रम हळूहळू फिरवायला त्या मानाने फारच थोडी. म्हणून वीज वाचवणारा प्रोग्रॅम पाणी कोमट ठेवतो आणि वेळ वाढवतो. युरोपात १ मार्च २०२१ पासून मशीनमध्ये सक्तीचा केलेला इको प्रोग्रॅम तीन तासांच्याही पुढे जातो, तो याच कारणाने. तिथल्या नळाला हिवाळ्यात बर्फगार पाणी येतं. आपलं पाणी आयतंच २५ ते ३० अंशांचं असतं, ही मोठी देणगी आहे. नुसत्या घामाच्या ऑफिसच्या कपड्यांना अर्ध्या तासाचा प्रोग्रॅम पुरतो, असं माझं ठाम मत झालंय. ड्रम मात्र अर्धाच भरायचा.

पण माझी २४ मिनिटं कुठे गेली? १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब जवळपास १ बार. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी आमच्या नळाच्या जेमतेम ३ मीटर वर, म्हणजे ०.३ बार. तळमजल्याला तोच दाब दीड बार मिळतो. तिथल्या शेजारच्या काकूंच्या नळाखाली १० लिटरची बादली १ मिनिटात भरली, आमच्याकडे अडीच मिनिटं लागली. मशीन धुताना आणि विसळताना मिळून चार वेळा पाणी घेते, एकूण साधारण ६० लिटर. तिथेच ९ मिनिटं गेली. मग पाइप सोडवून आतली बारीक जाळी काढली, तर ती गाळाने अर्धी बुजलेली. जुन्या टूथब्रशने घासली, पुढच्या खेपेला ५ मिनिटं वाचली.

उरलेली १० मिनिटं त्या एका मिनिटात होती. पिळताना ड्रम मिनिटाला १२०० फेरे घेतो. तेव्हा त्याच्या भिंतीवर ओढ गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास ३८५ पट असते. ३०० ग्रॅमचा ओला टॉवेल एका बाजूला जास्त राहिला, तर तो ११५ किलो वजन टांगल्यासारखा ओढतो. म्हणून मशीनच्या पोटात काँक्रीटचे ठोकळे बसवलेले असतात, आणि म्हणूनच ती आधी जपून वेग घेते, ड्रम किती डोलतो ते अजमावते, पटलं नाही तर थांबते. उलटसुलट चार गिरक्या देऊन कपडे पसरते आणि पुन्हा प्रयत्न करते. तेवढा वेळ आकडा हलत नाही.

परवा पुन्हा तसंच झालं. सहा वेळा वेग घेतला, सहाही वेळा सोडला. शेवटी दार उघडलं तर दुलईच्या खोळीने दोन टॉवेल, चार मोजे आणि शाळेचा रुमाल गिळून घट्ट गोळा केला होता.