देवयानी: आपल्या आकाशगंगेची थोरली शेजारीण
ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या अंधाऱ्या रात्री, शहराच्या दिव्यांपासून लांब गेलात तर शर्मिष्ठा आणि महाश्वाचा चौकोन यांच्यामध्ये एक धूसर ठिपका शोधाच. ती देवयानी दीर्घिका, म्हणजेच एम ३१. नुसत्या डोळ्यांनी २५ लाख प्रकाशवर्षांपलीकडचं दिसतं! दुर्बिणीतून तर फारच सुंदर.

आपल्या आकाशगंगेचा व्यास साधारण १ लाख प्रकाशवर्षं, देवयानीचा त्याहून बराच मोठा. आपल्याकडे १०० ते ४०० अब्ज तारे, तिच्याकडे सुमारे १,००० अब्ज. खरा फरक केंद्रात आहे: आपलं कृष्णविवर सूर्याच्या ४० लाख पट वस्तुमानाचं, तिचं १० कोटी पटींहून जास्त. दोघीही सर्पिल, पण नवे तारे आपल्याकडे अधिक वेगाने जन्मतात.

देवयानी ही स्वतंत्र दीर्घिका आहे, हे कळून जेमतेम शंभर वर्षं झाली. १९२३ साली एडविन हबलला तिच्यात एक रूपविकारी तारा सापडला. फोटोच्या काचेवर आधी नवताऱ्याची खूण म्हणून लिहिलेला ‘एन’ त्याने खोडला आणि ‘व्हार!’ (व्हेरिएबल, म्हणजे रूपविकारी) असं लिहिलं. त्या ताऱ्यावरूनच देवयानीचं अंतर काढता आलं. माझ्या मते खगोलशास्त्रातलं सगळ्यात देखणं उद्गारचिन्ह ते हेच.

आणि हो, दोघी सेकंदाला सुमारे ११० किलोमीटर वेगाने जवळ येताहेत. टक्कर अटळ समजली जायची. २०२५ च्या एका अभ्यासानुसार पुढच्या १० अब्ज वर्षांत ती होण्याची शक्यता निम्मीच आहे.